कोळशाच्या जिल्ह्यात हरित उद्योगांच्या संधी

वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला. काही दशके ही खाण चालली आणि १९०६ साली बंद पडली. भूगर्भातील साठा कितीही मोठा असला तरी प्रत्येक खाणीला अंत असतो, हा धडा या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वीच गिरविला आहे. त्या वेळी प्रश्न एका खाणीचा होता. आज तो संपूर्ण जिल्ह्याच्या अर्थकारणाचा आहे.

कोळशावर उभे राहिलेले अर्थकारण

वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळसा हा चंद्रपूरच्या औद्योगिक विकासाचा पाया होय. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडकडे या भागातील खाणींचा कारभार आला. बल्लारपूर, दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घूस ही नावे महाराष्ट्राला परिचित झाली ती कोळशामुळेच. याच कोळशाच्या आधारावर १९८३ पासून चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र वीज निर्माण करू लागले. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच आता बंद झाले असले, तरी केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट इतकी आहे. येथून ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी थेट ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत वीज नेते. राजुरा व कोरपना तालुक्यांतील चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या भट्ट्यांनाही कोळसाच लागला.

या प्रगतीची किंमतही जिल्ह्याने मोजली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह तीव्र प्रदूषित क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते. दमा आणि खोकला येथील घरांना नवा नाही.

बदल कशासाठी?

कोळसा उद्याच नाहीसा होणार आहे, असे मानण्याचे कारण नाही. २०२४-२५ या वर्षात देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले. तथापि २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म स्रोतांची ५०० गिगावॅट वीजक्षमता आणि २०७० पर्यंत कर्ब उत्सर्जनाचा शून्य ताळेबंद, ही उद्दिष्टे भारताने २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत जाहीर केली आहेत. नवे भांडवल त्या दिशेने वळत आहे. शिवाय जुन्या भूमिगत खाणी क्रमाक्रमाने बंद होत असून, त्यांची जागा घेणाऱ्या खुल्या खाणींत यंत्रे अधिक आणि माणसे कमी लागतात. म्हणजे कोळसा निघत राहिला तरी पूर्वीइतका रोजगार तो देणार नाही.

याचा पहिला फटका बसतो तो कायम कामगारांना नव्हे. त्यांना बदली मिळते, निवृत्तिवेतन मिळते. कंत्राटी मजूर, मालमोटारीचा चालक, खाणीच्या फाटकासमोरचा चहावाला, टायर दुरुस्त करणारा, खोल्या भाड्याने देणारा विधवा स्त्रीचा संसार, यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते. हरित उद्योगांतील गुंतवणुकीचा विचार या माणसांपासून सुरू व्हावयास हवा.

गुंतवणुकीची क्षेत्रे

पहिले क्षेत्र राखेचे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. औष्णिक केंद्रांतील राखेचा शंभर टक्के वापर करण्याचे बंधन केंद्र शासनाच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने घातले आहे. राखेच्या विटा, फरसबंदीचे ठोकळे, रस्त्यांचे भराव यांसाठी अल्प भांडवलाचे उद्योग गावपातळीवरही उभे राहू शकतात. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळता येते. सिमेंट तयार करताना बाहेर पडणाऱ्या कर्बवायूचा मोठा भाग इंधनातून नव्हे, तर चुनखडी भाजताना त्या दगडातूनच निघतो. म्हणून जितकी राख अधिक, तितकी चुनखडी कमी आणि धूरही कमी, असा हा दुहेरी लाभ आहे.

दुसरे क्षेत्र सौर ऊर्जेचे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० अन्वये प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीस प्रतिवर्षी हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प उभा राहतो, तिला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये अनुदान मिळण्याचीही सोय आहे. उपकेंद्रे आणि वाहिन्या ही या जिल्ह्याची तयार मत्ता आहे. मात्र सौर प्रकल्प उभारताना जितके हात लागतात, तितके तो चालविताना लागत नाहीत. त्यामुळे रोजगारासाठी केवळ या क्षेत्रावर विसंबून चालणार नाही.

तिसरे क्षेत्र बांबूचे. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबूला 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आले. त्याच्या तोडणी-वाहतुकीतील अडसर त्यामुळे दूर झाला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र कार्यरत आहे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि ती स्वतः बांबूची तोडणी व विक्री करू लागली. मजुरी गावात राहिली आणि विक्रीचा हिशेबही गावासमोर मांडला जाऊ लागला. भांडवल थोडे, पण मालकी स्वतःची, असे हे उदाहरण आहे.

चौथे क्षेत्र शेतीशी निगडित आहे. पूर्वेकडे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा, तर पश्चिमेकडे कापूस व सोयाबीनचा. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर जैवभाराच्या कांड्या जाळण्याचे धोरण केंद्र शासनाने २०२१ साली जाहीर केले. धानाची तणस आणि पऱ्हाट्या यांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळू शकते. एचएमटी हे धानाचे लोकप्रिय वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे याच जिल्ह्यातील नांदेड या गावचे. नवे काही घडविण्याची बुद्धी बाहेरून आणावी लागते असे नाही, याची ही साक्ष होय.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पामुळे पर्यटनही वाढते आहे. नागपूर जिल्ह्यात सावनेर येथे खाणीलगत उभारलेले उद्यान पाहता, खाणीही पर्यटनस्थळ होऊ शकतात. भद्रावती परिसरात कोळशाच्या वायूकरणाचे प्रकल्प प्रस्तावित आहेत. मात्र त्यातून निघणारा कर्बवायू अडविण्याची व्यवस्था नसेल, तर अशा उद्योगास हरित म्हणता येणार नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

परदेशातील एक अनुभव

जर्मनीच्या रूर खोऱ्यात १९५० च्या दशकात साडेचार लाखांहून अधिक माणसे कोळसा खाणींत काम करीत. तेथील शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. या साठ वर्षांत तेथे शिक्षणावर खर्च झाला. बोखुम येथील विद्यापीठ १९६५ पासून सुरू झाले. एसेन येथील झोल्फेराइन ही बंद खाण २००१ साली जागतिक वारसास्थळ ठरली. तरीही त्या प्रदेशातील बेरोजगारी दीर्घकाळ रेंगाळली. तयारीला अवधी लागतो आणि ती खाणी चालू असतानाच करावी लागते, एवढे यावरून दिसते.

निधी व नियोजन

यासाठी लागणारा पैसा केवळ खासगी उद्योजकांकडून येईल असे नाही. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे खाणधारकांच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम जमा होते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार या निधीपैकी किमान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, कौशल्यविकास अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करावयाची आहे. कौशल्यविकासाचा यातील वाटा निश्चित करून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सौरसंच दुरुस्ती, बांबूकाम, यंत्रदेखभाल यांचे वर्ग वाढविणे शक्य आहे. तसेच २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीस बंदीकरण आराखडा आणि त्यासाठी स्वतंत्र खात्यात रक्कम ठेवणे बंधनकारक आहे. आपल्या शिवारातील खाणीचा आराखडा काय सांगतो, खड्ड्यातील पाणी कोणाला मिळणार, माती-मुरुमाच्या ढिगाऱ्यांवर काय लावणार, हे विचारण्याची जागा ग्रामसभा हीच आहे.

मार्च २०२४ मध्ये चंद्रपूर येथे भरलेल्या 'अॅडव्हांटेज चंद्रपूर' या औद्योगिक मेळाव्यात अनेक सामंजस्य करार झाले. परंतु करार म्हणजे कारखाना नव्हे. प्रत्येक प्रस्तावाला काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत : स्थानिक किती हातांना कायम काम मिळेल, पाणी कोठून घेणार आणि दहा वर्षांनी गावाकडे काय उरेल?

अधिकाऱ्यांनी खाणींच्या बंदीकरणाचे वेळापत्रक गावांपर्यंत आगाऊ पोहोचवावे, शिक्षकांनी दहावी-बारावीच्या मुलांना नव्या व्यवसायांची ओळख करून द्यावी आणि पंचायत सदस्यांनी खाणीवर अवलंबून असलेल्या, हजेरीपटावर नसलेल्या कुटुंबांची यादी तयार करावी. ही यादी हाती असेल, तर येणारी गुंतवणूक कोणासाठी हे ठरविणे सोपे जाईल. वरोऱ्याची खाण बंद झाली, तेव्हा असा विचार करण्याची सोय नव्हती. आज ती आहे आणि वेळही अद्याप हाती आहे.