राजीला बोलतं कोण करतं?

भातुकली आठवते ना, मैत्रिणींनो? सासू आपणच, सून आपणच आणि दारावर आलेली भाजीवालीही आपणच. तिघींचे तीन आवाज, आणि खर्च म्हणाल तर मूठभर गूळ-शेंगदाणे! मुलं खेळतात ते 'रोल-प्लेइंग' व्हिडिओ गेम म्हणजे तरी दुसरं काय? दुसरं कुणीतरी व्हायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. फक्त इथे प्रत्येक वाक्याला पैसे पडतात.

सिनेमातली नायिका एकदाच 'हो' किंवा 'नाही' म्हणते. गेममध्ये ते खेळणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे लेखकाने दोन्ही लिहायचं, आणि पुढचे फाटेही. तीन-तीन पर्यायांचे तीनच प्रश्न घेतले तरी २७ वाटा होतात. खेळणारा चालतो एकाच वाटेने, पण बाकीच्या वाटांवरचे संवादही रेकॉर्ड करून ठेवावे लागतात. त्यात २००७ च्या 'मास इफेक्ट'मध्ये नायक पुरुष हवा की बाई, हेही खेळणाऱ्याने ठरवायचं होतं. मग काय, त्या एका भूमिकेसाठी मार्क मीर आणि जेनिफर हेल असे दोन कलाकार, आणि संवाद दोनदा! हेलबाईंची कमांडर पुढे फार गाजली.

या कलाकारांसमोर बहुतेक वेळा दुसरं कुणी नसतं. बंद खोलीत एकट्याने मागचापुढचा धागा नसलेली वाक्यं म्हणायची. शिवाय पडल्याचं, मार लागल्याचं, मरतानाचं ओरडणं वेगळंच. घसा बसणार नाही तर काय! अमेरिकेत २०१६ साली आवाजाच्या कलाकारांनी संप केला, त्यात घशाला होणाऱ्या त्रासाचीही तक्रार होती. २०२४ च्या संपात तर एआयने आपल्या आवाजाची नक्कल करू नये म्हणून झगडावं लागलं.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. श्रुती घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' हा गेम केला. काटेकोर बोलायचं तर तो रोल-प्लेइंग नव्हे, साहसाचा खेळ. पण नायिका आपली: राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी मुलगी. पैशांसाठी त्यांनी २०१७ मध्ये 'किकस्टार्टर'वर लोकांपुढे हात पसरला. ही भिशीच समजा, पण ठरलेली रक्कम जमली नाही तर ज्याचे पैसे त्याच्याकडेच, कुणाकडून काही घेतलंच जात नाही. नाहीच जमली. तरीही माणसं चिकाटीची. 'एपिक' कंपनीचं अनुदान मिळालं, पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२० मध्ये राजी बाजारात आली. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी तिला नामांकनही मिळालं.

दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, ही तर आपल्या कथेकऱ्यांचीच रीत. पण देव बोलतात इंग्रजीत! जगभर विकायचं तर इंग्रजी आलंच, हे मला कळतं, तरी कानाला खटकतंच. २०२२ च्या नव्या आवृत्तीत हिंदी आवाज आले, तेव्हा जरा बरं वाटलं.

मराठीचं काय? आवाजांची आपल्याकडे वाण नाही. वडगावच्या सोमवारच्या बाजारात एक फेरी मारा, गिऱ्हाईक बघून सूर बदलणाऱ्या बाया दिसतील. हल्ली काहींनी स्वतःची हाळी रेकॉर्ड करून भोंग्यावर लावलीय. तेही आवाजाचंच काम, पण त्याचे पैसे मागायचे असतात हे त्यांना कोण सांगणार?

माझ्या भाचीने तोडगा काढलाय. ती कॉम्प्युटरचा आवाज बंद करते आणि राजीचं सगळं स्वतःच बोलते. "थांब की रं गोलू, आलेच मी! त्याला धरलास तर बघ हं मुडद्या!" हा मुडदा म्हणजे राक्षस. परवा तिचा धाकटा भाऊ शेजारी येऊन बसला. म्हणाला, "गोलू मी हुणार, पण मला आधी चॉकलेट पाहिजे."