मोटार किती खाली बसवावी?

तंजावरहून उत्तरेस निघालेला रस्ता तेरा-एक किलोमीटरांत तिरुवैयारु येथे कावेरीच्या तीरी पोचतो. गावाचे नावच पाच नद्यांवरून पडलेले. वाटेत पुलांमागून पूल लागतात, वस्त्या लागतात, आणि वस्ती आली की गतिरोधक आलाच. पौष वद्य पंचमीस त्यागराजांच्या आराधनेसाठी तंजावरातील एखादे मराठी कुटुंब पाच माणसे व एक तंबोरा लहान मोटारीत घालून याच वाटेने निघते, असे समजू. घरातील तरुणास मोटार खाली बसवण्याची हौस आहे. बाजारात आखूड स्प्रिंगा मिळतात. मोटार बुटकी, रुबाबदार दिसते. प्रश्न आहे तो किती बुटकी, हा.

स्प्रिंगेचे काम वजन पेलण्याचे तसेच धक्का गिळण्याचे. चाकास वर सरकण्यास मोकळी जागा 70 मिलिमीटर आहे असे धरू. त्यापुढे रबरी ठोकळा. मोटार 30 मिलिमीटर खाली आणली की उरतात 40. धक्क्याची शक्ती मात्र तीच राहते. स्प्रिंग जितकी दबते तिच्या वर्गाच्या प्रमाणात ती शक्ती गिळते. म्हणून तेवढाच धक्का ठोकळ्यावर न आदळता 40 मिलिमीटरांत गिळावयाचा तर स्प्रिंग तिपटीने ताठ हवी. इतकी ताठ स्प्रिंग वृद्ध माणसाच्या पाठीस सोसवणार नाही. विक्रेता तीस टक्के ताठ स्प्रिंग देऊन मोकळा होतो. उरलेला हिशेब ठोकळा, शॉक ॲब्झॉर्बर आणि मोटारीचा सांगाडा चुकता करतात. याउलट 15 मिलिमीटरच उतरवले, तर ताठरपणा सुमारे दीडपट वाढवून निभावते. ही तडजोड निदान विचारात घेण्याजोगी आहे.

आता गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेच्या नमुन्याप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच, गोलाईने चढणारा असावा. दोन चाकांत 2450 मिलिमीटर अंतर असलेली मोटार त्यावर मध्यभागी आली, म्हणजे चाके माथ्याहून सुमारे 44 मिलिमीटर खाली असतात; पोटाखालची तेवढी जागा गेली. रिकाम्या मोटारीखाली 165 मिलिमीटर असतील, तर 121 उरले. माणसे बसल्यावर आणखी चाळीसेक जातात. त्यातून 30 कापा. पन्नासच हाती राहतात, आणि हे सारे नमुनेदार गतिरोधकावर. गावकऱ्यांनी रातोरात घातलेला उंचवटा कोणत्या नमुन्याचा असतो, हे वाहनचालकांस सांगावयास नको.

काही कारागीर मूळ स्प्रिंगच कापून देतात. सहा वेढ्यांपैकी एक कापला की ताठरपणा वीस टक्के वाढतो खरा, परंतु गॅसच्या ज्योतीने पोलादाचे पाणी उतरते आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. हा उपाय टाळावाच.

वळणावर मोटार कमी झुकते, ही समजूतही अर्धीच खरी. पुष्कळ लहान मोटारींच्या पुढच्या रचनेत गाडी उतरवली की खालचा दांडा तिरपा होतो, आणि मोटार ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. मग कलण्याची ओढ वाढते. ताठ स्प्रिंग ती कशीबशी आवरते. चाकांची ठेवण बिघडते, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. शॉक ॲब्झॉर्बरही जुळणारेच हवेत. तीस टक्के ताठ स्प्रिंगेस सुमारे चौदा टक्के अधिक आवर लागतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटर वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणे लावले. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारून घ्यावे, आणि पाच माणसे बसवून पोटाखालची जागा एकदा पट्टीने मोजावी.