स्थलांतरितांचे साहाय्यक गट आणि सामाजिक मान्यता : मेक्सिकोतील ‘लास पात्रोनास’

प्रस्तावना :
स्थलांतरितांच्या मानवी हक्कांचा विचार बहुधा आंतरराष्ट्रीय करार व राष्ट्रीय कायदे यांच्या अनुषंगाने केला जातो. प्रत्यक्षात मात्र वाटेवरच्या स्थलांतरिताला पहिला आधार अनेकदा स्थानिक रहिवाशांकडूनच मिळतो. अशा गटांना समाज व शासन यांच्याकडून लाभणाऱ्या मान्यतेने काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

कार्याचे स्वरूप :
मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यात ला पात्रोना हे लहानसे गाव लोहमार्गालगत वसलेले आहे. होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वाडोर या देशांतील गरीब माणसे अमेरिकेकडे जाण्यासाठी येथून जाणाऱ्या मालगाड्यांच्या टपावर बसून प्रवास करीत. या प्रवासात अनेकांनी हातपाय गमावले, कित्येकांनी प्राणही. म्हणून या गाड्यांना ‘ला बेस्तिया’, म्हणजे ‘श्वापद’, असे नाव पडले. १९९५ साली दुकानातून दूध व पाव घेऊन परतणाऱ्या रोमेरो कुटुंबातील बहिणींकडे गाडीवरील माणसांनी अन्न मागितले. त्यांनी हातातले सर्व देऊन टाकले. त्यातूनच घरातील व शेजारच्या स्त्रियांनी रोज अन्न शिजविण्याची प्रथा सुरू केली. गाडी थांबत नसे. म्हणून भात, घेवडा व मक्याच्या पोळ्या पिशव्यांत बांधून, तर पाण्याच्या बाटल्या दोरीने जोडून, धावत्या गाडीतील हातांना पकडता येतील अशा उंच धरल्या जात. या स्त्रियाच ‘लास पात्रोनास’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

मान्यतेचे महत्त्व :
कागदपत्रांविना देशात प्रवेश करणे हा मेक्सिकोत २००८ पर्यंत फौजदारी गुन्हा होता. त्यामुळे अशा व्यक्तींना मदत करणाऱ्यांवरही मानवी तस्करीचा संशय घेतला जाण्याची भीती असे. २०११ च्या स्थलांतर कायद्याने निःस्वार्थ मानवतावादी मदत दंडनीय नसल्याचे स्पष्ट केले. २०१३ मध्ये या गटाच्या नोर्मा रोमेरो यांना राष्ट्रीय मानवी हक्क पुरस्कार देण्यात आला. या सन्मानामुळे स्वयंपाकघरातील श्रमांकडे केवळ दयाबुद्धीचे कृत्य म्हणून नव्हे, तर हक्करक्षणाचे कार्य म्हणून पाहिले जाऊ लागले. संशयाची जागा प्रतिष्ठेने घेतली.

मान्यतेच्या मर्यादा :
तथापि, पुरस्कारानंतर वर्षभरातच, जुलै २०१४ मध्ये, त्याच शासनाने ‘दक्षिण सीमा कार्यक्रम’ जाहीर केला. मालगाड्यांवर चढणाऱ्यांना रोखण्यात आले व धरपकड वाढली. परिणामी अनेक स्थलांतरित आडवाटांनी पायी जाऊ लागले आणि लूटमारीचा धोका अधिकच वाढला. अन्न देणाऱ्या हातांचा गौरव झाला. ज्यांच्यासाठी ते हात पुढे झाले होते, त्यांची वाट मात्र अधिक बिकट झाली.

निष्कर्ष :
सन्मानामुळे साहाय्य करणाऱ्याला संरक्षण मिळते; साहाय्य घेणाऱ्याला ते आपोआप मिळत नाही. म्हणून अशा मान्यतेचे मूल्यमापन पुरस्कारांच्या संख्येवरून न करता, शासनाच्या धोरणात स्थलांतरिताला कोणते स्थान मिळाले यावरून करणे आवश्यक आहे. ज्या उपेक्षेमुळे त्या कार्याची गरज निर्माण झाली, ती कायम राहिल्यास गौरव हा जबाबदारीला पर्याय ठरण्याचा धोका संभवतो.