कुलगुरूंची निवड आणि तालुक्याचा विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू कोण असावा, याच्याशी शहापूर-मुरबाडच्या व्यापाऱ्यांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याने 2017 सालचे निकाल आठवावेत. उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाट पुरेशा तयारीवाचून घातला गेला, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि ऑक्टोबरात कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, कुलगुरू संजय देशमुख यांस पदच्युत केले. शहरातला विद्यार्थी निदान कलिन्यास हेलपाटे घालू शके. आसनगावची गाडी धरणाऱ्याचा, वा रेल्वेच नसल्याने आधी कल्याण गाठणाऱ्या मुरबाडकराचा अवघा दिवस बुडे. तानसा-भातसाचे पाणी मात्र मुंबईस बिनबोभाट पोहोचते!

एवढे होऊनही पुढे वाद माजला तो अधिकाराचा. निवडसमितीच्या पाच नावांतून दोन सरकारने निवडून कुलपतींकडे धाडावीत व मंत्र्यांस प्र-कुलपती करावे, असे विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळात संमत झाले. 2022 मध्ये राज्य पालटताच नव्या सरकारने ते मागे घेण्याचे ठरविले. राज्यपाल तरी दिल्लीच्या सरकारच्या सल्ल्यानेच नेमले जातात.

अनुदान देतो म्हणून निवडही आमची, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. तो पैसा मंत्र्यांच्या खिशातला नसून शहापूरच्या दुकानदाराने भरलेल्या करातला आहे. निवडसमितीने शिफारशीची कारणे प्रसिद्ध करावीत; ग्रामीण महाविद्यालयांच्या वाट्यास किती रुपये आले, हे अर्थसंकल्पात वेगळे दाखवावे. अधिसभेवर पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. त्या मतदारयादीत नाव नोंदविण्याचे काम आमच्या तालुक्यांतील पदवीधरांनी आता तरी अंगावर घ्यावे.