वैद्यकीय विद्यार्थ्यांचे नियतकालिक

साकोलीच्या दोन्ही अंगांना आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गोंदियाचे २०१६ साली सुरू झाले, भंडाऱ्याचे २०२४ साली. इमारती व खाटा यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु तेथील विद्यार्थ्यांनी स्वतः संपादित केलेले शास्त्रीय नियतकालिक असावे, असे कोणी म्हणत नाही. स्नेहसंमेलनाच्या वार्षिक अंकाशी आमचे भांडण नाही. पण तो निराळा.

विद्यार्थ्याला संशोधन कसले जमणार, हा आक्षेप जुनाच आहे. स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांना लँगरहान्सचे नाव मिळाले, त्यांचे वर्णन त्याने १८६९ साली पदवीच्या प्रबंधात केले होते. हेपॅरिनच्या शोधास कारण झालेले निरीक्षण मॅक्लीन या विद्यार्थ्याने १९१६ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडेही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची योजना सुरू केली. मात्र अशा अभ्यासांचे पुष्कळसे अहवाल सादर होताच कपाटात जातात.

विषयांची तर येथे वाण नाही. शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरील टिपण १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, २०२३ मध्ये, त्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम काढावी लागली. तालुक्यातील किती रुग्ण औषध मध्येच सोडतात आणि का? रोवणीच्या दिवसांत सर्पदंश झालेली मजूर स्त्री दवाखान्यात किती तासांनी पोचते? यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. नोंदवही, नैतिक समितीची परवानगी, रुग्णाची संमती आणि चालण्याची तयारी पुरे.

पैशाची अडचण सांगितली जाईल, पण नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक विनामूल्य मिळतो आणि छपाईवाचूनही अंक काढता येतो. खरी अडचण सातत्याची. साडेपाच वर्षांत विद्यार्थी निघून जातो. उत्साहाने काढलेला पहिला अंक बहुधा शेवटचा ठरतो. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून चालले, कारण त्यामागे अध्यापकांची संस्था उभी आहे. विद्यार्थ्यांच्या अंकालाही असा आधार हवा. मात्र प्राध्यापकांनी लेख तपासावेत, संपादकाची खुर्ची घेऊ नये. खास मित्राचा कच्चा लेख परत करण्याचे धैर्य त्या खुर्चीवरच येते. द्वितीय वर्षाचा साहाय्यक संपादक पहिल्या अंकापासूनच नेमला, तर पुढचा अंक अडत नाही.

शुल्क घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके आज बोकाळली आहेत, आणि प्रमाणपत्रासाठी विद्यार्थी तेथे पैसे मोजतात. त्यापेक्षा वर्षाकाठी सहाच लेखांचा, लेखकाकडून एक पैसाही न घेणारा अंक कितीतरी बरा. अपेक्षित निष्कर्ष न मिळालेला अभ्यासही त्यात यावा. प्रत्येक लेखाचा गोषवारा मराठीत द्यावा. ज्या आशा कार्यकर्तीने विद्यार्थ्याला घरोघर नेले, तिच्या हाती तो पडला पाहिजे.