फट कधी भरायची?

नाशिकच्या जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना सागवानी दाराचा स्वभाव ठाऊक असतो. वैशाखात ते चौकटीत खडखडते, श्रावणात लावायला खांदा द्यावा लागतो. अडते म्हणून श्रावणातच रंधा मारला, तर दिवाळीनंतर त्याच कडेने गार वारा आत येतो. लाकडी होडीच्या दुरुस्तीतला सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे. तिथे वाऱ्याऐवजी पाणी येते.

होडीच्या फळ्यांमधल्या सांध्यात कापसाचा पीळ ठोकून त्यावर राळ-तेलाचे लुकण भरतात. खलाशांच्या बोलीत या कामाला ‘कालापत्ती’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीज ‘कालाफाते’वरून आल्याचे १८८६चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश सांगतो.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. सागासारख्या स्थिर लाकडाची २० सेंटिमीटर रुंद फळीसुद्धा, ओलाव्याचे प्रमाण १० टक्क्यांनी बदलले तर, सुमारे २ ते ४ मिलिमीटर कमी-जास्त होते. एका अंगाला दहा फळ्या धरल्या, तर एकूण फरक २ ते ४ सेंटिमीटरांवर जातो.

म्हणून उन्हात पडून राहिलेल्या होडीच्या रुंद फटी पाहून त्या गच्च भरण्याचा मोह घातक ठरतो. पाण्यात उतरल्यावर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही. तो दाब फासळ्यांवर येतो, खिळे ढिले होतात. गळती थांबवण्यासाठी केलेले कामच होडी मोडते. उलट, चिंब लाकडावर लुकण धरत नाही आणि फळी वाळली की पीळ सैल पडतो.

यातून कामाचा क्रम ठरतो. आधी फासळ्या, खिळे आणि कुजलेल्या फळ्या. मग होडी सावलीत ठेवून ओल्या गोणपाटांनी फळ्यांना हळूहळू ओल द्यायची. फटी आवळल्या, की सांध्याच्या कडा कोरड्या करून पीळ बेताने ठोकायचा. लुकण फळीच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवायचे, म्हणजे फळ्या फुगल्यावर ते बाहेर येत नाही. त्यानंतर होडी उतरवायला उशीर करायचा नाही.

कोकणात हे गणित पंचांगानेच सोडवले आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात, पण आषाढाची दमट हवा लाकूड फार वाळू देत नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी उतरते, तेव्हा फळ्या आधीच अर्ध्या फुगलेल्या असतात. घाटावर, नाशिकच्या एप्रिलमध्ये, तीच कृती जशीच्या तशी केली तर फसेल.

जतनाच्या कामात म्हणूनच पहिला प्रश्न असा असतो : दुरुस्तीनंतर होडी कुठे राहणार? जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७मध्ये पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे १९९० ते २००१ या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. ती आजही पाण्यावर तरंगते. अशा जहाजाच्या पाण्याखालच्या फळ्या वाळत नाहीत. संग्रहालयाच्या कोरड्या दालनात ठेवायच्या होडीचा हिशेब वेगळा असतो.

किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. त्यांना फुगणे-आटणे नाही, सांधेही नाहीत. पीळ आणि लुकण उद्याही बाजारात मिळेल. मात्र फटीवर बोट फिरवून ‘अजून चार दिवस थांबा’ म्हणणारा सुतार मिळेलच असे नाही. जुन्या होड्या वाचवायच्या असतील, तर त्याचे हे थांबणेही टिपून ठेवायला हवे.