देवाचं नाक कुणी झिजवलं?

जुन्या देव्हाऱ्यातला एखादा टाक हातात घेऊन उजेडात धरा. घोड्यावर खंडोबा आहे, मागे म्हाळसा आहे, पायाशी कुत्रा आहे, हे आपल्याला दिसतं त्याहून जास्त आठवतं. नाक सपाट झालेलं, डोळे गेलेले, खड्गाच्या जागी नुसता उंचवटा. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवलेली आकृती. घासणाऱ्याचं बोट सगळ्यात जास्त फिरतं ते उंचवट्यावरून, आणि ठोकताना पत्रा ताणून पातळ होतो तोही तिथेच. गिरगावातल्या वाड्यांत, दादरच्या ब्लॉकांत, लालबाग-परळच्या चाळींत गणपती, नवरात्र, दिवाळी असे वर्षातून तीन-चारदा देव घासायला निघतात. राख, रांगोळी, चिंच, लिंबू, दंतमंजन, जे हाताशी असेल ते. लग्नकार्याआधी सोनाराकडून देव उजळून आणायची किंवा टाक नव्याने घडवून घ्यायची रीत बऱ्याच घराण्यांत आहे. तिच्यामागे कुळाचार आहेच, पण हे झिजणंही असावं असं मला वाटतं.

मुळात आपण घासून काढतो ते काय असतं? मळ नव्हे. गंजही नव्हे, कारण हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या तापमानाला चांदीला काहीच करत नाही. चांदीला भुलवतं ते गंधक. हवेत अगदी लेशमात्र असलेला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, दमट हवेत चांदीशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. आधी फिकट सोनेरी झाक येते, मग तांबूस-तपकिरी, मग निळसर आणि शेवटी काळी. हा थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ असतो. मुद्दा असा की त्या काळेपणात आपलीच चांदी असते. तो खरवडून टाकला की ती फडक्याबरोबर मोरीत जाते.

मुंबईत हे गंधक येतं कुठून, याचं उत्तर बऱ्याच अंशी स्वयंपाकघरात आहे. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्याने खाल्लं तर चमचा तिथल्या तिथे तपकिरी पडतो. कांदा, लसूण, हिंग या तिघांच्या वासात गंधकाची संयुगं असतात, आणि मराठी फोडणी त्यांच्याशिवाय सहसा होत नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडात देव्हारा स्टोव्हपासून चार हातांवर असायचा, तेव्हा देव लवकर काळे पडले तर नवल नाही. घराबाहेरचा वाटेकरी म्हणजे गटारं आणि खाडी. ओहोटीच्या वेळी माहीमच्या खाडीवरून जो वास येतो, त्यात हाच वायू असतो.

लालबागला एक जुना वाटेकरीही होता. ऑक्टोबर १८६५मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले, भेंडीबाजारात, एस्प्लनेडवर, चर्चगेट स्ट्रीटवर, आणि दिवे लावणाऱ्यांच्या मागून बघ्यांची गर्दी चालली. हा गॅस दगडी कोळसा भट्टीत तापवून काढत. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना लालबाग-परळच्या पट्ट्यात होता. तिथले जुने लोक पत्ता सांगताना अजून ‘गॅस कंपनी’ म्हणतात. कोळशाच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतोच. तो चुन्यातून किंवा लोहाच्या ऑक्साइडमधून गाळून काढावा लागतो, आणि गाळणी कितीही चांगली असली तरी थोडा निसटतो. गिरण्यांच्या धुराड्यांना मात्र या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. कोळसा जळून होतो तो मुख्यतः सल्फर डायऑक्साइड. छातीला तो वाईट, पण चांदी काळी करण्यात हायड्रोजन सल्फाइडच्या पासंगालाही पुरत नाही. फटाक्यांच्या धुराचंही तसंच.

चांदी किती काळवंडते त्यावरून हवेची परीक्षा आता कारखानदारीतही करतात. सर्व्हरच्या खोल्यांत तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात आणि तिच्यावर किती थर चढला ते मोजतात. आयएसए ७१.०४ या मानकानुसार चांदीवर महिन्याला २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढला, तर हवा यंत्रांना सुरक्षित. २०० अँगस्ट्रॉम म्हणजे २० नॅनोमीटर. देव्हाऱ्यातल्या निरांजनावर सोनेरी झाक दिसू लागते ती साधारण याच सुमाराला.

घासायला बसण्याआधी समोरचा काळेपणा कुठला आहे ते ओळखावं, कारण सगळा काळेपणा एक नसतो. निरांजनाच्या कडेला आणि आरतीच्या तबकात जी काजळी बसते ती तुपाच्या चिकटीत अडकलेला कार्बन. गरम पाणी आणि साबण एवढ्यानेच ती जाते. बोटाला काळं लागलं तर काजळी, न लागता रंग तसाच राहिला तर सल्फाइड. सांध्यापाशी हिरवट दिसलं तर ते चांदीचं नव्हे, तिच्यात मिसळलेल्या तांब्याचं. पूजेची उपकरणी शुद्ध चांदीची क्वचितच असतात. स्टर्लिंग म्हटली जाणारी चांदी ९२.५ टक्के, उरलेलं बहुधा तांबं. आणि टंच उतरत जाईल तसं तांबं वाढत जातं.

चिंच आणि लिंबू चांदीच्या वाट्याला आले ते शेजारच्या तांब्याच्या कलशामुळे. आंबटाने तांब्याचा ऑक्साइड विरघळतो, म्हणून ताम्हन आणि समई चिंचेने लखलखतात. सिल्व्हर सल्फाइड चिंचेलाच काय, पुष्कळ तीव्र आम्लांनाही दाद देत नाही. हा भेद आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील, शिसं यांच्या शुद्धीला क्षार, आम्ल आणि पाणी सांगितलं आहे. सोन्याच्या आणि नक्षी नसलेल्या रुप्याच्या पात्राला मात्र नुसतं पाणी. तो विचार शुचितेचा आहे, रसायनाचा नाही, पण सल्ला अजून खोटा पडलेला नाही. ‘आमच्याकडे लिंबाने चांदी निघते’ असं सांगणाऱ्यांचा अनुभवही खोटा नसतो. चांदी हलक्या टंचाची असली की पृष्ठभागावरचं तांबं लिंबाने निघून जातं आणि वरवर पांढरेपणा येतो. काही दिवसांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या. तांबं-पितळेच्या आंबट पावडरीचंही हेच. ठाण्याच्या पीतांबरीने चांदीसाठी ‘रुपेरी’ ही पावडर वेगळी काढली ती उगाच नव्हे.

आता घासण्याच्या पुडी. मोजपट्टी सोपी आहे: मोह्सच्या कोष्टकात चांदीचा कठीणपणा अडीच ते तीन, खडूचा तीनच्या आसपास, गारेचा सात. शेगडीच्या राखेत क्षार असतो, तो चिकटपणा काढतो, पण वाळूची कणीही असते. रांगोळी तर दगडाचीच पूड. तीत गारेचा अंश असला की ती कानशीसारखी चालते. टाकांची नाकं नेणाऱ्यांत मी पहिलं नाव रांगोळीचं घेईन. पांढरं दंतमंजन आणि साधी पांढरी पेस्ट यांत बहुधा खडूची पूड असते, म्हणून आज्यांचा कोलगेट पावडरीवरचा विश्वास अस्थानी नव्हता. पारदर्शक जेल पेस्टमध्ये सिलिका असते. ती दातांपुरती ठेवावी. संग्रहालयांचे जतनतज्ज्ञही हाताने चांदी साफ करायची वेळ आली तर अतिशय बारीक, रासायनिक पद्धतीने बनवलेला खडूच पाण्यात कालवून, मऊ फडक्याने, अगदी हलक्या हाताने वापरतात. म्हणजे आजीचं चुकत असेल तर ते जोर लावण्यात.

न घासताही काळेपणा जातो, आणि जाताना चांदी परत देऊन जातो. त्यासाठी ॲल्युमिनियम लागतं. फॉइल लागेलच असं नाही. चाळीतल्या घरांत माळ्यावर पडलेलं हिंडालियमचं जुनं पातेलं उत्तम. लिटरभर कढत पाणी, त्यात मोठा चमचाभर खायचा किंवा धुण्याचा सोडा. धुण्याचा जास्त जोरकस. वस्तू आधी साबणाने धुऊन पाण्यात अशी ठेवायची की ती पातेल्याला टेकलीच पाहिजे, कारण काम चालतं ते दोन धातूंमधून वाहणाऱ्या विजेवर. सोडा ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा खातो, उघडं पडलेलं ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, सल्फाइडमधलं गंधक सुटतं आणि चांदी जागच्या जागी पुन्हा धातू होते. एक-दोन मिनिटांत सडक्या अंड्याचा वास येतो. काम होत असल्याची ती खूण. खिडकी उघडी ठेवावी. मीठ घातलं की वेग वाढतो म्हणून पुष्कळ जण घालतात. मी घालत नाही, मिठातल्या क्लोराइडचं आणि चांदीचं जमत नाही. लोणच्याची वाटी चांदीची नसते ती त्याचमुळे. पातेलं मात्र नंतर काळपट पडतं, ते स्वयंपाकाला घेऊ नये.

या युक्तीचा बोलबाला आहे तेवढी ती निर्दोष नाही. परत आलेली चांदी आधीसारखी घट्ट बसत नाही, सूक्ष्म स्पंजासारखी राहते. म्हणून वस्तू थोडी निस्तेज पांढरी दिसते आणि हलक्या हाताने पुसली नाही तर लवकर काळवंडते. काळसर ठेवलेल्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांची सगळी नक्षी या पाण्यात धुऊन निघते, कारण ती काळी रेघ म्हणजे मुद्दाम धरलेलं सल्फाइडच. खडे-मोती बसवलेलं, लाखेने भरलेलं, आतून पोकळ असलेलं काहीही कढत पाण्यात बुडवू नये. टाकाच्या मागे तांब्याचा पत्रा आहे का तेही आधी पाहावं. अशा वस्तूंना रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. रिठा हे सोनाराच्या पेढीवरचं जुनं साधन. तो काळेपणा काढत नाही, पण तूप, अष्टगंध सगळं सोडवतो, आणि बऱ्याचदा तेवढंच हवं असतं.

लक्ष्मीपूजनाच्या तबकातल्या नाण्यांना तर यातलं काहीच करू नये. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के. १९४०पासून युद्धामुळे चांदी ५० टक्क्यांवर आली, बाकी तांबं, निकेल, जस्त. १९४७चा रुपया निव्वळ निकेलचा. एकाच तबकात ठेवलेले राणीचा आणि सहाव्या जॉर्जचा रुपया वेगवेगळे काळवंडतात ते यामुळेच. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. जुना, सारखा चढलेला रंग त्यांना हवाच असतो. पूजेपुरतं कोमट पाण्याने धुऊन टिपलं की पुरे.

उरलं ठेवणं. रोज वापरून लगेच धुतलेली वाटी कपाटातल्या वाटीपेक्षा उजळ राहते, हा सगळ्यात स्वस्त उपाय. पंचामृताचा अभिषेक झाला की मूर्ती त्याच वेळी धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात. कपाटात ठेवायच्या वस्तू धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद कराव्यात. वर्तमानपत्रात आणि लोकरीच्या कापडात नको, दोन्हींत गंधक असतं. कापराच्या वड्यांवर लोकांचा फार विश्वास आहे. कापराने वास चांगला येतो, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल. आणि रबरबँड आसपासही नको. रबर टणक करायला गंधकच घालतात, आणि कागदाच्या घड्यांतूनही त्याची काळी रेघ चांदीवर उमटते. बांधायचंच असेल तर बटवा घ्यावा. त्याला नाडी असते, ती ओढून बांधावी.